कुत्र्यालाही गाडी लागते!

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरकडे ‘गाडी लागते’ म्हणणारे रुग्ण बारा महिने येतात. पहिल्या पाळीचे कामगार पहाटे नुसत्या चहावर कंपनीच्या बसमध्ये बसतात. नाशिक रस्त्यावर बस दहा पावले चालते, थांबते, पुन्हा दहा पावले चालते. खिडकीजवळची जागा मिळाली नाही, तर चाकणचा तळेगाव चौक येईपर्यंत तोंडाला पाणी सुटू लागते. कोणी लिंबू हुंगतो, कोणी आवळासुपारी चघळतो, कोणी पोटावर वर्तमानपत्र बांधतो. (या शेवटच्या उपायाला वैद्यकशास्त्रात आधार नाही, पण आमच्या संपादकांची त्याला हरकत नसावी.)

आज मात्र माणसांविषयी नव्हे, कुत्र्यांविषयी लिहायचे आहे. ‘तुम्ही एमबीबीएस, कुत्र्यांतले तुम्हाला काय कळते?’ असे कोणी विचारले तर प्रश्न रास्त आहे. मला फारसे कळत नाही, आणि ते कळत नसताना मी जे केले, त्यापायीच हा लेख लिहीत आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. चाकणला वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला असलेले एक गृहस्थ माझे जुने रुग्ण. त्यांचे गाव ओतूरच्या बाजूला. दहा वर्षांच्या मुलीने हट्ट धरला म्हणून गावाहून येताना ते दोन-अडीच महिन्यांचे पिल्लू घेऊन आले. नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण असा तीन तासांचा प्रवास. पिल्लाने वाटेत दोनदा उलटी केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऐन गर्दीच्या वेळी त्यांचा फोन आला. ‘डॉक्टरसाहेब, पिल्लाला गाडी लागली आहे हो. अजून उलट्या करतंय. मुलीसाठी आणलेली ॲव्होमिन घरात आहे, पाव गोळी देऊ का?’

समोर तापाने फणफणलेले मूल होते, बाहेर पंधरा माणसे बसली होती. मी म्हणालो, ‘द्या पाव गोळी, काही होत नाही.’

पाव गोळीने पिल्लू झोपले. ॲव्होमिन म्हणजे प्रोमेथाझिन. त्याने झोप येतेच. पिल्लू शांत झोपले म्हणून घरच्यांना बरे वाटले. ते शांत झोपलेले नव्हते, गळून पडले होते. पुढच्या रात्री रक्ताचे जुलाब सुरू झाले, तेव्हा ते पशुवैद्यकाकडे नेले. निदान झाले पार्व्होचे. सलाइन लावले, तीन दिवस शर्थ केली. चौथ्या दिवशी पिल्लू गेले.

एक दिवस आधी नेले असते तर ते वाचलेच असते, असे पशुवैद्यक म्हणाले नाहीत. पण या रोगात अंगातले पाणी झपाट्याने कमी होते आणि सलाइन जितके लवकर सुरू होईल तितके बरे, एवढे ते म्हणाले. तो एक दिवस माझ्या ‘काही होत नाही’ने घालविला होता. फोनवर मी एक साधा प्रश्न विचारायला हवा होता, ‘गाडीतून उतरून किती वेळ झाला?’ उत्तर आले असते, चोवीस तास. कोणाचीही गाडी चोवीस तास लागत नाही, माणसाची नाही आणि कुत्र्याचीही नाही.

ती का लागते, हे आधी पाहू. आपल्या कानाच्या आत, ऐकण्याच्या यंत्राला लागूनच, तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांत द्रव असतो. शरीर हलले की द्रव हलतो आणि मेंदूला खबर जाते. बसमध्ये बसून पुढच्या सीटची पाठ पाहणाऱ्या माणसाचे डोळे सांगतात की आपण स्थिर आहोत. कान सांगतात की आपण हेलकावे खात आहोत. मेंदूला हा विसंवाद सहन होत नाही आणि तो पोटावर राग काढतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ साली लिहून ठेवले होते की अनेक कर्णबधिर माणसांना गरगर फिरविले तरी चक्कर येत नाही, आणि काहींना समुद्रप्रवासात बोटही लागत नाही.

पुढे हे ज्ञान पक्के झाले ते कुत्र्यांमुळे. कुत्र्याला आपल्यासारखीच गाडी लागते, म्हणून संशोधकांनी त्यांना झोपाळ्यावर बसवून झोके दिले. १९५६ साली वँग आणि चिन या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की कानातला तोलाचा अवयव काढून टाकला, तर त्या कुत्र्याला कितीही झोके दिले तरी उलटी होत नाही. आज आपण बसमध्ये चढण्यापूर्वी जी गोळी खातो, तिच्यामागे अशा मुक्या प्राण्यांचेही देणे आहे.

अशा एका गोळीचा जन्म मात्र योगायोगाने झाला. १९४७ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अंगावर पित्त उठणाऱ्या एका बाईंना नवे औषध दिले होते. त्यांना ट्रॅम लागत असे. पित्ताचे काय झाले ते बाजूला राहिले, पण ट्रॅममधून येताना मळमळले नाही, असे बाईंनी डॉक्टरांना सांगितले. डॉक्टर हुशार, त्यांनी ऐकून घेतले. त्याच वर्षी एका सैनिकी बोटीवर हजाराहून अधिक जवानांवर त्या औषधाची चाचणी झाली आणि ‘ड्रामामीन’ जगभर पोचले. आपली ॲव्होमिनही याच घराण्यातली. या घराण्याचा अवगुण म्हणजे झोप. म्हणून प्रेस मशीनवर किंवा फोर्कलिफ्टवर काम करणाऱ्या माणसाने ही गोळी खाऊन पाळीवर जाऊ नये. जाता जाता आणखी एक: हल्ली उलटी म्हटले की जो तो दुकानातून ओंडानसेट्रॉन घेऊन येतो. ते चांगले औषध आहे, पण गाडी लागण्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

कुत्र्यांसाठी आता वेगळे औषध आहे. त्याचे नाव मॅरोपिटंट. १९३१ साली शास्त्रज्ञांना मेंदूत आणि आतड्यात एक पदार्थ सापडला, त्याला त्यांनी ‘सबस्टन्स पी’ असे नाव दिले. उलटीचा हुकूम मेंदूत पोचविण्याचे काम हा पदार्थ करतो. मॅरोपिटंट त्याची वाट अडविते. अमेरिकेत २००७ साली त्याला कुत्र्यांसाठी मान्यता मिळाली. जुन्या गोळ्यांसारखी त्याने गुंगी येत नाही, हा मोठा फायदा. मात्र उलटी थांबली तरी लाळ गळणे, कासावीस होणे काही कुत्र्यांत चालूच राहते.

या औषधाची एक गंमत वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. साध्या उलटीसाठी गोळीची मात्रा वजनाच्या दर किलोला २ मिलिग्रॅम, पण प्रवासासाठी ती ८ मिलिग्रॅम, म्हणजे चौपट! आणि प्रवासाची ही मात्रा लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त देत नाहीत. चार महिन्यांखालच्या पिल्लाला तर देतच नाहीत. तेव्हा ‘मागच्या वेळची गोळी उरली आहे’ म्हणून तीच देणे व्यर्थ किंवा घातक. वजन करून, यकृत आणि हृदय तपासून पशुवैद्यकच ते ठरवितात. प्रवासाआधी दोन तास, थोड्याशा खाण्याबरोबर द्यायचे; अगदी रिकाम्या पोटी दिले तर औषधानेच उलटी होऊ शकते.

आणि मुख्य गोष्ट अशी की पोटात काही अडकले असेल किंवा विष गेले असेल, तर हे औषध देऊ नये असे बजावलेले असते. उलटी थांबते, रोग आत वाढत राहतो. पावसाळ्यात मक्याचे बुरकुंड, उन्हाळ्यात आंब्याची कोय गिळून आतडे बंद झालेली कुत्री पशुवैद्यकांकडे नेहमी येतात. कोठीत ठेवलेले उंदराचे औषध हे दुसरे कारण. जुन्नर-नारायणगावकडच्या वाचकांसाठी तिसरे सांगतो: द्राक्षे आणि बेदाणे. आपण कौतुकाने भरवितो, पण त्याने कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

घरातल्या डब्यातल्या माणसांच्या गोळ्यांबद्दलही हेच. पॅरासिटामॉलने कुत्र्याचे यकृत बिघडते, मांजर तर दगावतेच. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होऊन रक्तस्राव होतो. बाळाच्या काही साखरविरहित सिरपांत झायलिटॉल असते; आपल्याला ते निरुपद्रवी, कुत्र्याच्या रक्तातली साखर मात्र त्याने एकदम खाली येते. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडे मरून आभाळ रिकामे झाले आणि २००६ साली आपल्या सरकारला त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालावी लागली, हे अनेकांना आठवत असेल. पशुवैद्यक क्वचित आपल्यापैकी एखादे औषध वापरतात, पण मात्रा त्यांच्या हिशेबाने. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार प्राण्यांवर उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायचे असतात. म्हणजे माझी ती पाव गोळी नियमातही बसत नव्हती. औंधला शासनाचे पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, आपल्या भागात खासगी पशुवैद्यकही पुष्कळ झाले आहेत.

गाडी लागलेले कुत्रे ओळखावे कसे? आधी जांभया देते, ओठ चाटते, लाळ गाळते, कण्हते, जागेवर ठरत नाही, मग उलटी. गाडी थांबवून खाली उतरविले, थोडे फिरविले की अर्ध्या-एक तासात शेपूट हलवू लागते. तसे झाले नाही, पाणीही पोटात ठरेना, मलूल पडले, जुलाब लागले, की गाडीचे नाव घेऊ नका. पिल्लू असेल तर सकाळ होण्याची वाट पाहू नका.

लहान पिल्लांना हा त्रास जास्त होतो, कारण तोलाचा अवयव पुरता तयार झालेला नसतो. वर्षभरात पुष्कळांचा त्रास आपोआप जातो. पुष्कळदा त्रास कानाचा नसून भीतीचा असतो. ज्या कुत्र्याला गाडी म्हणजे फक्त सुई टोचायला नेणारी वस्तू ठाऊक आहे, ते दार उघडताच लाळ गाळणार. त्याला आधी बंद गाडीत बसवून खाऊ द्यावा, मग इंजिन सुरू करून, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग इंद्रायणीच्या पुलापर्यंत. निघण्याआधी चार-सहा तास पोटभर खायला घालू नये, काच थोडी खाली ठेवावी, गाडीत उदबत्तीचा किंवा सेंटचा वास नको. तोंड पुढे करून, पट्ट्याने बांधून किंवा पेटीत बसवावे. स्कूटरच्या पायाजवळ उभे करून चाकणच्या वाहतुकीतून कुत्रे नेणारे महाभाग मी रोज पाहतो. तिथे उलटीपेक्षा मोठी काळजी आहे.

पार्व्होविषयी दोन शब्द. हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. लागण झाल्यापासून तीन ते सात दिवसांत उलट्या सुरू होतात. म्हणजे गावाहून आणलेले पिल्लू घरी येऊन ‘गाडी लागल्यासारखे’ करू लागते, ते पुष्कळदा याच हिशेबात बसते. लस दीड-दोन महिन्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, चार महिने पूर्ण होईपर्यंत द्यावी लागते. एकच सुई देऊन थांबू नये. विषाणू अंगणातल्या मातीत कित्येक महिने टिकतो. फिनेलने तो जाईल असा भरवसा नाही. फरशीला ब्लीचिंग पावडरचे पाणी लागते.

त्या गृहस्थांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. मुलगी मात्र पुढे दोन-तीन महिने वडिलांबरोबर दवाखान्यात आली की बाहेरच बसून राही. यंदा त्यांनी दुसरे पिल्लू आणले. घर ब्लीचने धुऊन, सगळ्या लसी पूर्ण करून, गल्लीच्या टोकापर्यंतची तालीम करून मे महिन्यात सर्वजण ओतूरला गेले. परत आल्यावर मुलगी आत येऊन म्हणाली, ‘डॉक्टरकाका, त्याला काही झालं नाही. मलाच मंचरला उलटी झाली.’