चांगल्या मालकाची थकबाकी

‘आमचे शेठ चांगले आहेत, लेखी करार हवा कशाला?’ हा प्रश्न आम्हां युनियनवाल्यांना जन्मभर ऐकावा लागतो. त्याचे उत्तर म्हणून आज आम्ही अमेरिकेतील एका घराण्याची हकीकत सांगणार आहोत.

व्हॅन रेन्सेलर घराण्याचा मूळ पुरुष किलियान हा ॲमस्टरडॅमचा हिऱ्यामोत्यांचा व्यापारी आणि डच वेस्ट इंडिया कंपनीचा एक संचालक. चार वर्षांत पन्नास माणसे नेऊन वसवील त्याला वतन, असे कंपनीने १६२९ साली ठरविले. किलियानने १६३० पासून हडसन नदीच्या दोन्ही तीरांवर मोहिकन लोकांच्या जमिनी आपल्या माणसांकरवी खरेदी केल्या. स्वतः मात्र तिकडे कधी पाऊल टाकले नाही. १६६४ साली डच जाऊन इंग्रज आले, १७७६ साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. वतन मात्र जागच्या जागी राहिले.

आता कुळांचा करार पाहा. पहिली सात वर्षे खंड माफ. तेवढ्यात कुळाने रान तोडून जमीन लागवडीस आणावी. पुढे पिढ्यान्‌पिढ्या, साधारणतः शंभर एकरांमागे दहा ते चौदा बुशेल गहू, चार पुष्ट कोंबड्या आणि जनावरांच्या जोडीसह एक दिवसाची वेठ. खाणी मालकाच्या, ओढ्याचे पाणीही मालकाचे. कुळाने आपला हक्क विकलाच, तर किमतीचा चौथा हिस्सा मालकाचा!

याच घराण्यातला तिसरा स्टीफन ‘चांगला मालक’ म्हणून ओळखला जाई. १८२४ साली त्याने ट्रॉय येथे काढलेली शाळा आज नामांकित तंत्रविद्यापीठ आहे. अडलेल्या कुळामागे तो तगादा लावीत नसे, म्हणून लोक त्याला दुवा देत. पण सवलत तोंडी होती आणि थकबाकी वहीत होती. जानेवारी १८३९ मध्ये तो वारला तेव्हा सुमारे चार लाख डॉलर येणे निघाले. ते वसूल करून माझे कर्ज फेडा, असे त्याच्या मृत्युपत्रात होते.

मुलगे वसुलीस निघाले. त्याच वर्षी ४ जुलैला, स्वातंत्र्यदिनीच, कुळांनी बर्न गावी सभा भरवून खंड न देण्याचे जाहीर केले. जप्तीचा शिपाई दिसला की पत्र्याची शिंगे वाजत आणि छिटाचे झगे, मुखवटे घातलेले शेतकरी गोळा होत. सोंग कोणाचे, तर ज्यांची जमीन आधी गेली त्या आदिवासींचे! लष्कर आले, धरपकड झाली. मग कुळांनी मतांची एकजूट बांधली. १८४६ च्या राज्यघटनेने सरंजामी धारा रद्द केला आणि शेतजमिनीच्या नव्या पट्ट्यास बारा वर्षांची मर्यादा घातली. जुन्या करारांसाठी न्यायालयात झगडावे लागले. १८५२ साली चौथ्या हिस्स्याची अटही बेकायदा ठरली. हळूहळू घराण्याने आपले हक्क विकून टाकले.

तिसऱ्या स्टीफनच्या दयेविषयी आम्हांला शंका नाही. पण ती त्याच्याबरोबर गेली आणि वही मागे राहिली. म्हणून शेठ चांगले असतील तेव्हाच, त्यांच्या हयातीत, सवलत कागदावर उतरवून घ्यावी.