पिसवा कुत्र्यावर थोड्या, घरात जास्त



आजचा विषय बैठकीच्या इतिवृत्तात कधी लिहिला जात नाही. बचत जमा झाली, हप्ते घेतले, सह्या झाल्या, चहा आला की मग कोणीतरी पाय खाजवत म्हणतं, "आमच्याकडं पिसवांनी नुसता उच्छाद मांडलाय बाई, रात्रभर पोरं झोपत नाहीत." लगेच दुसरी म्हणते, "आमच्याकडं पण तेच." या पावसाळ्यात आम्ही ज्या ज्या गटात गेलो तिथं हे ऐकलं.

पिसवा काही नव्या नाहीत. पण त्यांच्यावरचे उपाय ऐकून आम्हाला काळजी वाटली. कोणी कुत्र्याला रॉकेल चोळलं होतं, कोणी तंबाखूचं पाणी. एका वस्तीवर तर पिकावर मारायचं औषध बादलीत कालवून कुत्र्याला आंघोळ घातली. कुत्रं लाळ गाळत, थरथरत पडलं आणि संध्याकाळी मेलं. तीच बादली दुसऱ्या दिवशी लेकरांच्या आंघोळीला घेतली जायची होती. घरातल्या सासूबाईंच्या वेळीच लक्षात आलं आणि त्यांनी ती बाजूला काढली. म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊ.

आधी ओळख पटवू

पिसू आणि गोचीड यांत आपण गल्लत करतो. गोचीड कातडीला चिकटून बसते आणि रक्त पिऊन एरंडाच्या बीसारखी फुगते. पिसू मोहरीएवढी, तांबूस काळी, दोन्ही बाजूंनी चपटी असते. ती केसांतून सरसर पळते आणि हात लावायला गेलं की उडी मारते. तिला पंख नसतात.

पिसू दिसली नाही तरी तिची खूण सापडते. कुत्र्याच्या शेपटीच्या बुडाशी केस बाजूला करून पाहा. काळ्या मिरीच्या भुकटीसारखे कण दिसले तर ते ओल्या पांढऱ्या कापडावर घ्या. कणांभोवती तांबडा डाग पसरला, तर ती माती नाही, पिसूची विष्ठा आहे. त्यात कुत्र्याचं पचलेलं रक्त असतं.

माणसाला पिसू बहुतेक घोट्याला आणि पोटरीला चावते. बारीक लाल पुरळ येते, बऱ्याचदा दोन-तीन ठिपके ओळीनं असतात.

हिशेब चक्रवाढीचा आहे

आपण गटातल्या बायका, व्याजाचा हिशेब आपल्याला चांगला कळतो. पिसूचा हिशेब चक्रवाढीचा असतो. एक मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते. म्हणजे कुत्र्यावर १० माद्या असल्या तर दिवसाला चारशेच्या वर अंडी. ती अंडी केसांना चिकटून राहत नाहीत. कुत्रं उठलं, अंग झाडलं की खाली सांडतात. जिथं कुत्रं बसतं तिथं, म्हणजे उंबऱ्यापाशी, बाजेखाली, गोणपाटावर, चुलीमागच्या उबेला, सगळीकडं ती पडतात.

अंड्यातून दोरीच्या बारीक धाग्यासारखी अळी निघते. ती उजेड टाळते आणि जमिनीच्या भेगेत, गोधडीच्या घडीत, कचऱ्याखाली शिरते. मघाशी सांगितलेली ती रक्ताची विष्ठा खाऊन वाढते. मग स्वतःभोवती कोष विणते. कोषाला धूळ चिकटते, त्यामुळं तो डोळ्याला दिसत नाही. दमट, उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण पिसू व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणून पावसाळ्यात त्रास वाढतो.

यातली मुख्य गोष्ट अशी की कुत्र्यावर दिसणाऱ्या पिसवा एकूण वंशावळीतला फार छोटा भाग असतात. बाकीची अंडी, अळ्या आणि कोष आपल्या घरात असतात. नुसतं कुत्र्याला औषध लावलं आणि घर तसंच ठेवलं, तर आठ दिवसांत पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

कोषातली पिसू फार चिवट असते. बाहेर खायला कोणी नसेल तर ती काही महिने आत थांबते. जमीन हादरली, ऊब लागली, श्वासाची हवा जाणवली की ती बाहेर पडते. आपल्याकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. दार उघडून आत पाऊल टाकलं की पायावर पिसवांचा सडा पडतो. मग बाया म्हणतात, "घरात कोणी नव्हतं, तरी कुठून आल्या?" त्या कुठून आल्या नाहीत, तिथंच वाट बघत होत्या. अशा घरात आल्या आल्या अंथरूण टाकू नका. आधी दारं-खिडक्या उघडून झाडलोट करा, मगच मुलांना आत घ्या.

घराची सफाई

ही सफाई एका दिवसाची नाही. कमीत कमी तीन आठवडे ती सलग करावी लागते, कारण कोष थोडे थोडे फुटत राहतात.

पहिलं काम अंथरुणाचं. कुत्र्याचं गोणपाट फार जुनं असेल तर जाळून टाका. ठेवायचं असेल तर उकळत्या पाण्यात भिजवा. गोधड्या, वाकळा, चादरी गरम पाण्यात साबणानं धुवा आणि कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. अंडी आणि अळ्यांना ओल लागते, कोरडं ऊन त्यांना सोसत नाही. आठवड्यातून एकदा हे करा.

दुसरं काम झाडण्याचं. रोज झाडा, पण मधला मोकळा भाग नाही, तर कोपरे, बाजेखालची जागा, कणगीमागची जागा, उंबऱ्याची फट. निघालेला केर दारात टाकू नका. तो साबणाच्या पाण्यात बुडवा किंवा घरापासून लांब खड्ड्यात पुरा. मातीची जमीन असेल तर भेगा मातीनं बुजवून मग सारवा. फरशी असेल तर सांध्यांतून साबणाच्या पाण्यानं घासून घ्या.

तिसरं काम अंगणाचं. कुत्रं जिथं सावलीला बसतं तिथला पालापाचोळा, जुनी पोती, लाकडांचा ढीग हलवा. तिथं ऊन पडू द्या. गोठ्यातला जुना भुस्सा काढा. शेळ्यांच्या करडांवर आणि वासरांवरही या पिसवा जातात आणि त्यांचं रक्त पितात, म्हणून त्यांचीही बसायची जागा बदला.

रात्रीचा एक सोपा उपाय आहे. पसरट ताटलीत पाणी घ्या, त्यात धुण्याच्या साबणाचा चुरा विरघळवा आणि ती जमिनीवर ठेवून वर एक छोटा दिवा लावा. विजेचा असेल तर तो पाण्याला लागणार नाही असा टांगा. पिसवा उजेडाकडं आणि उबेकडं उडी मारतात आणि पाण्यात पडतात. साध्या पाण्यावर त्या तरंगून निसटतात, साबणाच्या पाण्यात बुडतात. यानं सगळ्या संपत नाहीत, पण त्रास कमी होतोय की नाही हे रोज सकाळी मोजता येतं. मूल रांगतं असेल तर ताटली त्याच्या हाताला लागणार नाही अशा खोलीत ठेवा.

कुत्र्याचं काय करायचं

कुत्र्याला आंघोळ घालताना आधी मानेभोवती साबणाचा फेस लावा. नाहीतर पाणी लागताच पिसवा पळून कानात आणि तोंडावर जातात. फेस पाच-दहा मिनिटं ठेवा, मग धुवा. अंग वाळलं की उवांची बारीक फणी शेपटीपासून मानेपर्यंत फिरवा आणि दर वेळी साबणाच्या पाण्यात बुडवा. ही फणी वेगळी ठेवा, माणसांच्या डोक्याला वापरू नका.

कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी आंघोळीला चालतं. त्यानं थोडा उतार पडतो, पण घर भरलं असेल तर तेवढ्यावर भागत नाही. मग पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. मानेवर टाकायचे थेंब असतात, गोळ्या असतात. मात्रा कुत्र्याच्या वजनावर ठरते, म्हणून वजन आणि वय सांगा. थेंब टाकण्याआधी दोन दिवस आणि टाकल्यावर दोन दिवस आंघोळ घालू नका. घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांवर एकाच वेळी उपचार करा. कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका. कुत्र्याच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, त्यानं मांजर मरू शकतं.

औषधानंतरही दोन-तीन आठवडे पिसवा दिसल्या तर औषध खोटं निघालं असं समजू नका. त्या कोषातून नव्यानं निघालेल्या असतात. डॉक्टर सांगतील तसं पुढचे महिनेही औषध चालू ठेवा.

हे करू नका

पिकावरचं औषध घरात, कुत्र्यावर, अंथरुणावर अजिबात वापरू नका. ते कातडीतून आणि श्वासातून अंगात जातं. गुरांच्या गोचिडाचं औषधही अंदाजानं कालवून कुत्र्याला लावू नका. डायक्लोरव्हॉससारख्या औषधावर तर ३१ डिसेंबर २०२० पासून आपल्या देशात बंदी आहे. जुनी बाटली घरात असेल तर ती वापरायची नाही.

रॉकेलनं कातडी भाजते. तंबाखूतलं निकोटिन विष आहे, कुत्रं अंग चाटतं तेव्हा ते पोटात जातं. लसूण खाऊ घालणंही कुत्र्याला घातक आहे.

चुकून विषबाधा झालीच, म्हणजे लाळ गळणं, उलट्या, थरथर, डोळ्यातली बाहुली बारीक होणं असं दिसलं, तर माणसासाठी १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली सोबत न्या. उलटी करवू नका. जनावरासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

त्रास खाजेवर थांबत नाही

पिसवा फार झाल्या तर लहान पिल्लू रक्त कमी होऊन मरतं. कुत्र्याच्या पोटातला एक चपटा जंत पिसूमार्फत पसरतो. लहान मुलानं खेळता खेळता पिसू गिळली तर त्यालाही तो होतो. मुलाच्या शौचात तांदळाच्या दाण्यासारखे हलणारे कण दिसले तर आरोग्य केंद्रात दाखवा. औषधानं तो बरा होतो.

उंदरावरची पिसू वेगळी असते आणि तिचा इतिहास आपल्याला माहीत असायला हवा. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी प्लेगनंच गेल्या. पिसू हा रोग पसरवते हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली कराचीत प्रयोगानं दाखवलं. १९९४ साली आपल्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे रुग्ण सापडले होते. आज घाबरायचं कारण नाही, पण घरात-शेतात एकाएकी बरेच उंदीर मरून पडलेले दिसले तर त्यांना हात लावू नका, आशाताईंना कळवा. मेलेल्या उंदराला सोडून पिसू माणसाकडं येते.

एकटीचं काम नाही

कुत्रं चार दारं फिरतं. एका घरानं सफाई केली आणि शेजारी तसंच राहिलं तर कष्ट वाया. म्हणून हे काम गटानं करा. गल्लीतल्या दहा-बारा घरांनी एकच दिवस ठरवा. त्या दिवशी सगळ्यांची अंथरुणं उन्हात, सगळ्यांची झाडलोट, सगळ्या कुत्र्यांची आंघोळ. पशुवैद्यकीय डॉक्टरांना वस्तीवर बोलवा. एकेका कुत्र्याला तालुक्याला नेण्यापेक्षा ते सोपं पडतं, आणि त्याच वेळी पिसाळण्याविरुद्धची लसही देऊन घेता येते. गल्लीत जे कुत्रं कोणाचंच नाही, त्याच्या औषधाचा खर्च वाटून घ्या. त्याला हाकलून प्रश्न सुटत नाही, ते दुसऱ्या दारात जाऊन बसतं आणि पिसवा तिथं सांडतात.

मग तीन आठवडे प्रत्येक बैठकीत दोन मिनिटं विचारा, कोणाच्या ताटलीत किती पडल्या. आकडा वहीत लिहा. हप्त्याच्या रकान्याशेजारी हा एक रकाना वाढला तर काही बिघडत नाही. आकडा उतरत गेला की आपलं काम बरोबर चाललंय. उतरला नाही, तर कोणत्या घराची झाडलोट राहिली ते शोधा आणि दोघी-तिघी जाऊन तिला हातभार लावा. म्हाताऱ्या आजीला बाज हलवता येत नसते, बाळंतिणीला गोधड्या धुता येत नसतात. तिथंच पिसवा टिकतात.

पुढच्या बैठकीत हा विषय चहाच्या आधी घ्या.