वाडवडिलांचें ऋण व वंशजांचा हक्क

मनुष्य रिकाम्या हातांनीं जगांत येतो, असें आपण सहज बोलून जातों. पण थोडा विचार केला असतां हें म्हणणें खरें ठरत नाहीं. जन्मल्याबरोबर त्याच्या पदरीं भाषा पडते, घर पडतें, गांवची विहीर आणि गांवची वाट पडते. यांपैकीं एकही वस्तु त्यानें निर्माण केलेली नसते. आणि ज्याप्रमाणें वडिलांच्या शेताबरोबर वडिलांचें कर्जही घरांत येतें, त्याप्रमाणें मागील पिढीचीं भांडणें, तिच्या चुका व तिनें केलेली नासाडी हींही त्याच्या वांट्यास येतात. प्रत्येक पिढी अशा रीतीनें एकाच वेळीं वारसही असते आणि पूर्वजही असते. वारस म्हणून तिनें काय घ्यावें व पूर्वज म्हणून काय ठेवून जावें, हा नीतिशास्त्रांतील एक बिकट प्रश्न आहे. प्रस्तुत लेखांत त्याचा विचार कर्जाच्या दृष्टांतानें करण्याचें योजिलें आहे. कारण कर्ज म्हणजे काय, हें आपल्या देशांत कोणास समजावून सांगावें लागत नाहीं.

प्रश्न बिकट कां, तें प्रथम पाहूं. दोन माणसांतील देण्याघेण्याचा न्याय बहुधा करारावर उभा असतो. मी तुम्हांस कांहीं दिलें, तुम्हीं तें परत करण्याचें कबूल केलें, म्हणून तुम्हीं माझे ऋणी. परंतु जे अद्याप जन्मासच आले नाहींत त्यांच्याशीं करार कसा करावयाचा? ते आपल्यावर उपकार करूं शकत नाहींत, कीं अपकाराचा सूड घेऊं शकत नाहींत. आपण त्यांची विहीर आटविली तरी ते आपल्या दारीं येऊन जाब विचारणार नाहींत. ज्यांना तोंड नाहीं, मत नाहीं, कचेरींत उभें राहण्यास पाय नाहींत, अशांचा हक्क मानावयाचा तो कोणत्या आधारावर?

या शंकेचें एक उत्तर आपल्या प्राचीन वाङ्मयांत सूचित झालेलें आहे. तैत्तिरीय संहितेंत असा विचार आला आहे कीं, ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणें घेऊन येतो. ऋषींचें ऋण ब्रह्मचर्यानें म्हणजे अध्ययनानें फिटतें, देवांचें यज्ञानें व पितरांचें संततीनें. मूळ वचन एका वर्णापुरतें असलें तरी त्यांतील मर्म सर्व मानवांस लागू पडण्यासारखें आहे. या ऋणांसाठीं कोणीही खत लिहून दिलेलें नसतें, तरी तीं खरीं असतात. याहून लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, त्यांतील दोन ऋणांची फेड ज्याचें घेतलें त्याला होत नाहीं. ज्या ऋषींनीं विद्या दिली ते निघून गेले. त्यांची विद्या जिवंत ठेवून पुढील शिष्यास देणें, हीच त्यांची फेड. पितरांचेंही तसेंच. तात्पर्य, मागून आलेलें ऋण पुढें फेडावयाचें असतें. भावी पिढीनें आपणांस कांहीं दिलेलें नाहीं हें खरें. परंतु आपणांस जें मिळालें तें देणारा आतां तेंच पुढें देण्यावांचून दुसऱ्या कोणत्याही रीतीनें संतुष्ट होणार नाहीं.

परंतु हा झाला वारशाचा उजळ भाग. वारशांत जेव्हां संपत्तीऐवजीं बोजाच येतो, तेव्हां न्याय काय सांगतो? या बाबतींत जुन्या धर्मशास्त्रकारांनीं मोठी बारकाई दाखविली आहे. बापाचें कर्ज मुलानें फेडावें हा सामान्य नियम त्यांनीं सांगितला. पण बृहस्पतीच्या मतें मुलानें तें व्याजासह द्यावें, नातवानें केवळ मुद्दल द्यावें, आणि पणतूवर तर तें देण्याची सक्ति नाहीं. म्हणजे पिढी जसजशी दूर जाते तसतसा बोजा हलका होत जातो. शिवाय मद्यपान, द्यूत अशा व्यसनांपायीं काढलेलें कर्ज मुलास बाधूं नये, असेंही मनु व याज्ञवल्क्य सांगतात. कुटुंबाच्या पोषणासाठीं घेतलेलें ऋण निराळें आणि एकानें आपल्या चैनीसाठीं केलेलें ऋण निराळें. कर्ज कशासाठीं काढलें, हा प्रश्न विचारल्यावांचून तें पुढील पिढीवर लादतां येत नाहीं, हा या नियमाचा गाभा आहे.

व्यवहारांत मात्र ही बारकाई टिकली नाहीं. मुंबई इलाख्यांत १८६६ सालीं एक कायदा होऊन हिंदु वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मिळकतीपुरती मर्यादित करण्यांत आली. तरीसुद्धां दख्खनचा कुणबी मोकळा झाला नाहीं. कारण थकलेलें व्याज मुद्दलांत मिळवून मुलाच्या नांवानें नवें खत झालें, कीं तें कर्ज बापाचें न राहतां मुलाचेंच होई. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत कापसाचे भाव चढले व युद्ध १८६५ सालीं संपल्यावर ते कोसळले. त्यांत सरकारसाऱ्याचा आकार वाढला. अखेरीस १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें भर बाजारच्या दिवशीं लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, आणि तो वणवा पुणें व अहमदनगर या जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता. त्यांना हवीं होतीं तीं त्याच्या पेटींतील खतें. ज्या कागदांत बापाचें व आज्याचें आयुष्य अडकलें होतें, ते कागद त्यांनीं जाळले. पुढें १८७९ सालच्या दख्खन शेतकरी कायद्यानें न्यायाधीशास खताच्या मागें जाऊन कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. आणि केवळ बापाचें, आज्याचें किंवा पणज्याचें ऋण फेडणें हें पुण्यकर्तव्य आहे एवढ्याच कारणावर मुलावर, नातवावर अगर पणतूवर दावा चालूं नये, असें २००५ सालच्या हिंदु उत्तराधिकार दुरुस्ति कायद्यानें ठरविलें.

हाच विचार निराळ्या भूमींत निराळ्या रूपानें आढळतो. लेवीय या पुस्तकांत पन्नासावें वर्ष हें योबेल वर्ष म्हणून सांगितलें आहे. त्या वर्षीं विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत यावी आणि दारिद्र्यामुळें दास्यांत गेलेल्यांनीं घरीं जावें, अशी आज्ञा आहे. एका पिढीची विपत्ति कायमची वंशपरंपरा होऊं नये, हाच तिचा हेतु दिसतो. यहेज्केल संदेष्ट्यानेंही बापाच्या अपराधाचा भार मुलावर पडतो या समजुतीचा स्पष्ट निषेध केला आहे.

आतां अठराव्या शतकांतील दोन विचारवंतांचा वाद पाहूं. अमेरिकेचे मुत्सद्दी टॉमस जेफर्सन हे पॅरिस येथें असतां त्यांनीं ६ सप्टेंबर १७८९ रोजीं आपले स्नेही जेम्स मॅडिसन यांस एक पत्र लिहिलें. पृथ्वीच्या उपभोगाचा अधिकार जिवंतांचा आहे, मृतांचा तिच्यावर अंमल चालत नाहीं, असें त्यांचें प्रतिपादन होतें. मृत्युसंख्येच्या कोष्टकांवरून त्यांनीं एका पिढीचा काळ सुमारें १९ वर्षें धरला व त्यापलीकडे कोणतेंही राष्ट्रीय कर्ज अगर कायदा बंधनकारक असूं नये, असें सुचविलें. मॅडिसन यांनीं १७९० च्या फेब्रुवारींत उत्तर दिलें तें असें कीं, कांहीं कर्जें मुख्यतः पुढील पिढ्यांच्याच हितासाठीं काढलेलीं असतात. स्वातंत्र्याचें युद्ध ज्यांनीं लढलें त्यांच्यापेक्षां त्याचें फळ त्यांच्या वंशजांस अधिक मिळालें, तेव्हां त्याच्या खर्चाचा कांहीं वांटा वंशजांनीं उचलणें अन्यायाचें नाहीं. दोघांच्या म्हणण्यांत सत्यांश आहे, आणि त्यांचा मेळ आपल्या स्मृतिकारांच्या प्रश्नानेंच बसतो: कर्ज कोणासाठीं काढलें? धरणासाठीं किंवा विद्यालयासाठीं काढलेलें कर्ज नातवानें थोडें फेडलें तर त्याची तक्रार असणार नाहीं. आज्याच्या मेजवानीचें बिल मात्र त्याच्या हातीं देणें अन्यायाचें होय.

येथें कोणी विचारील कीं, नातवाची तक्रार असेल कीं नसेल हें आज कसें कळावें? जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञानें १९७१ सालीं यासाठीं एक युक्ति सुचविली. आपण कोणत्या पिढींत जन्म घेणार हें आपणांस ठाऊकच नाहीं अशी कल्पना करून नियम ठरवावा. म्हणजे कोणीही स्वतःच्या काळाकडे पक्षपात करूं शकणार नाहीं. यावरही डेरेक पार्फिट या इंग्रज तत्त्वज्ञानें १९८४ सालीं एक कोडें पुढें ठेवलें. आपण निराळें वागलों असतों तर निराळींच माणसें जन्मलीं असतीं. मग आपल्या वागण्यानें अमक्याचें नुकसान झालें असें म्हणावें तरी कसें? या कोड्यावर तत्त्वज्ञांचें एकमत झालेलें नाहीं. परंतु साध्या विवेकास एवढें कळतें कीं, शाळेची भिंत कच्ची बांधणाऱ्या गवंड्यास ती कोणत्या मुलावर पडेल हें ठाऊक नसतें, कदाचित् तें मूल अद्याप जन्मलेंही नसेल. भिंतीखालीं कोणी तरी बसणार हें त्याला ठाऊक असतें, आणि अपराध ठरावयास तेवढें पुरेसें आहे.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. महाराष्ट्राचा बहुतेक प्रदेश काळ्या पाषाणाचा असून त्याच्या भेगांत व झिजलेल्या थरांत पावसाचें पाणी मुरतें. दर साल मुरणारें पाणी हें व्याज आणि खोलवर सांचलेला सांठा हें मुद्दल, असें समजावें. व्याजावर शेती करणारा कोणाचा ऋणी नाहीं. परंतु कूपनलिका अधिकाधिक खोल नेऊन जो मुद्दल उपसतो, तो नातवाच्या नांवानें खत लिहितो. वातावरणाचीही हीच अवस्था आहे. कारखान्यांच्या युगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत कर्बद्विप्राणील वायूचे सुमारें २८० भाग होते. आतां ते ४२० च्या वर गेले आहेत, आणि त्या वाढीचा कांहीं अंश हजारों वर्षें राहणारा आहे. पैशाचें कर्ज कायद्यानें माफ करतां येतें, खत जाळतां येतें. या कर्जाचें खत कोणत्याही सुप्याच्या बाजारांत जाळतां येणार नाहीं.

म्हणूनच न्यायालयें या प्रश्नाकडे वळूं लागलीं आहेत. अरण्यतोडीचे परवाने रद्द व्हावे म्हणून फिलिपाईन्समध्यें कांहीं मुलांनीं पालकांसह दावा आणला असतां, त्यांस न जन्मलेल्या पिढ्यांच्या वतीनेंही दाद मागतां येते, असें तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९९३ सालीं ठरविलें. जर्मनीच्या घटना-न्यायालयानें २०२१ सालीं हवामानविषयक कायदा अंशतः घटनाविरुद्ध ठरविला. कारण त्यांत २०३० नंतरचा मोठा भार तरुणांच्या स्वातंत्र्यावर ढकलला होता.

एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. जो आज उपाशी आहे त्यास उद्यांच्या मुलासाठीं काटकसर करा असें कोणत्या तोंडानें सांगावें? उत्तर असें कीं, त्यास तें सांगूंच नये. पोटासाठीं काढलेलें ऋण स्मृतिकारांनींही दोषार्ह मानलें नाहीं. प्रथम हात आखडावा तो ज्याचा उपभोग गरजेपलीकडे गेला आहे त्यानें. एका पिढींतील अन्याय झांकण्यासाठीं पुढील पिढीचें नांव पुढें करणें हा ढोंगीपणा होय. आणि हात आखडल्यानें गांव बुडतो असेंही नाहीं. अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील हिवरेबाजार या दुष्काळी गांवानें शेतीसाठीं कूपनलिका घेण्यास व ऊंस लावण्यास स्वतःच बंदी घातली, दर वर्षीं पावसाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून पिकें ठरविण्याची चाल पाडली, आणि त्याची स्थिति सुधारली.

असो. एवढ्या विवेचनावरून तीन कसोट्या हातीं येतात. पुढील पिढीवर आपण जो बोजा टाकतों तो तिच्या हितासाठीं आहे काय? तो तिच्या शक्तींत फेडतां येण्याजोगा आहे काय? आणि आपली चूक झाली असल्यास ती तिला दुरुस्त करतां येईल काय? या तिहींस होकार देतां येईल तें ऋण न्याय्य. एकाही प्रश्नास नकार आला तर थांबून विचार करावा. विद्यार्थिबंधुभगिनींनो, आज आपण वारसाच्या जागीं बसलों आहों, म्हणून वडिलांचा हिशेब तपासण्याचा हक्क आपणांस आहे. परंतु थोडक्याच वर्षांत आपली जागा बदलेल आणि तीच वही दुसऱ्या कोणाच्या हातीं जाईल. त्या वहींतील आपलें पान लिहावयास आजपासूनच प्रारंभ झाला आहे, हें ध्यानांत ठेवावें.