शैवाल आणि प्रवाळ : जागेसाठी झुंज

दौंडजवळ भीमेच्या किंवा शिरूरजवळ घोडनदीच्या पात्रात जलपर्णीचा हिरवा थर तुम्ही पाहिला असेल. या थराखाली प्रकाश पोचत नाही, म्हणून तळाच्या वनस्पती मरतात. अशीच झुंज उष्ण प्रदेशांतील समुद्रात समुद्रशैवाल आणि प्रवाळ यांच्यात चालते. आपल्याकडे मालवणच्या खडकाळ किनाऱ्यालगत हे दोघे शेजारी आढळतात. तो भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला.

प्रवाळ हा तर प्राणी. मग त्याला प्रकाश कशाला हवा? त्याच्या शरीरात सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहते. ते प्रकाशसंश्लेषणाने अन्न बनवते आणि त्याचा मोठा वाटा प्रवाळाला देते. म्हणजे प्रवाळाचे एक शैवाल मित्र, तर दुसरे प्रतिस्पर्धी!

गोलसर, भरीव प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढते. मोठे शैवाल तेवढे काही दिवसांतच वाढते. ते सावली धरते, लाटांबरोबर हलून प्रवाळाला घासते आणि प्रवाळाच्या पिल्लांना खडकावर बसू देत नाही. मग प्रवाळ टिकते तरी कसे?

उत्तर माळरानावर आहे. शेळ्या चरतात तोवर गवत खुरटे राहते. समुद्रातल्या शेळ्या म्हणजे पोपटासारख्या चोचीचे मासे आणि काटेरी समुद्री अर्चिन. जमैकात अतिमासेमारीमुळे असे मासे फार कमी झाले होते. चरण्याचे काम अर्चिनवरच येऊन पडले. १९८० च्या वादळाने प्रवाळ मोडले आणि १९८३ साली साथीत अर्चिनही मेले. १९७० च्या दशकाअखेर तळाचा सुमारे ५२ टक्के भाग प्रवाळाने व्यापलेला होता; १९९० च्या दशकाच्या आरंभी तो ३ टक्क्यांवर आला. शैवाल मात्र ४ वरून ९२ टक्क्यांवर गेले.

आता जलपर्णीकडे पाहा. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिला खाणारे कीटक तिकडेच राहिले. सांडपाणी आणि शेतातून वाहून येणारी खते तिला नायट्रोजन व फॉस्फरस पुरवतात. खाणारे कमी आणि खत जास्त, की झपाट्याने वाढणारा जिंकतो. नियम नदीला आणि समुद्राला एकच.

एक प्रयोग करा. काचेच्या दोन बरण्यांत तळ्याचे हिरवट पाणी घ्या. एकीत युरियाचे आणि सुपर फॉस्फेटचे दोन-चार दाणे टाका. दोन्ही बरण्या दोन आठवडे उजेडात ठेवा आणि रोज रंगाची नोंद करा. कोणत्या बरणीतून छापील अक्षरे आधी दिसेनाशी होतात, आणि का?