स्टायलोचं पिवळं पान

यंदाच्या निधीतून दुष्काळी भागातल्या गावांना चाऱ्याचं बियाणं द्यायचं ठरलं, तेव्हा यादीतलं 'स्टायलो' हे नाव वाचून बऱ्याच जणांनी विचारलं, हे काय बुवा? आणि शेजारी सुपर फॉस्फेटचा खर्च कशाला? शेंगा येणारी पिकं आपलं खत आपणच तयार करतात ना? प्रश्न रास्त आहे.

स्टायलो हे मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. तिथून ते ऑस्ट्रेलियातल्या उष्ण कुरणांत रुजलं. आपल्याकडे ते माळरानावर गवतात मिसळून पेरतात. हलक्या, मुरमाड जमिनीतही तग धरतं. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पकडतात, हे खरं. पण स्फुरद काही हवेतून मिळत नाही.

म्हणून झाड काटकसर करतं. खालची पानं जुनी झाली, सावलीत गेली की त्यांतली प्रथिनं मोडून त्यांचा नत्र, शिवाय स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम असं बरंचसं वर कोवळ्या शेंड्याकडे आणि भरणाऱ्या दाण्याकडे पाठवलं जातं. मागे उरतं ते पिवळं पान. इथे ऑक्टोबरात फॉल कलर्स बघायला आपण तासन्‌तास गाडी हाकतो ना, तिथेही हाच कारभार चालू असतो! फक्त मेपल आपली पुंजी हिवाळ्यासाठी फांद्या-खोडांत ठेवतो.

सगळंच मात्र परत निघत नाही. कॅल्शियम आणि बोरॉन पानात बसले की बसले. गंधकही फारसा हलत नाही. त्यामुळे नत्र, स्फुरद किंवा पालाश कमी पडला तर आधी जुनी पानं बिघडतात. कॅल्शियम किंवा गंधक कमी पडला तर कोवळी. जाणता शेतकरी नुसतं पान बघून अंदाज बांधतो, तो असा.

आता खर्चाचं. जुन्या पानातला स्फुरद नव्यात गेला तरी एकूण साठा तेवढाच. चारा कापून गोठ्यात नेला की तो शेतातून गेलाच, आणि शेण गोवऱ्यांना गेलं तर परतही येत नाही. शेणखत माळावर टाकायला हवंच, पण मुळातच गरीब जमिनीला सुरुवातीला काहीतरी द्यावं लागतं. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरदाबरोबर गंधक आणि कॅल्शियमही असतो, म्हणजे झाडाला जुन्या पानांतून नीट काढून घेता येत नाहीत नेमके ते दोन. आमच्या मते ही रक्कम कापू नये.

कापणी फुलोऱ्याच्या सुमारास करावी. दाणे भरून पानं गळाली की जनावरापुढे नुसत्या काड्या येतात. पहिल्या वर्षी एक पट्टा मात्र न कापता सोडायचा. त्याचं बी खाली पडून पुढच्या पावसात आपोआप उगवतं.