घरच्या गेमिंग संगणकासाठी कोणती विंडोज? खर्च करण्यापूर्वी हा हिशेब मांडा

बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर पाली हे गाव आहे. गॅरेज, हॉटेल, वेल्डिंग, किराणा अशी दुकाने रस्त्यालगत आहेत. यातील पुष्कळ घरांत आता एक संगणक आहे. तो मुलाने गेम खेळण्यासाठी हट्टाने घेतलेला असतो, पण त्याच संगणकावर वडिलांच्या दुकानाचा हिशेब, जीएसटीचे काम आणि बँकेचा व्यवहारही चालतो. म्हणून गेमसाठी कोणती ऑपरेटिंग सिस्टीम टाकावी हा वरवर पोरांचा वाटणारा प्रश्न घरखर्चाचा आणि धंद्याचाही आहे. आमच्या व्यापार पानावर तो घेण्याचे कारण हेच.

२०२५ च्या दिवाळीच्या सुमारास आम्ही पालीतील एका घरी बसलो होतो. घरधन्याचे छोटे फॅब्रिकेशनचे दुकान आहे. मुलगा डिप्लोमाला शिकतो. पुण्याच्या एखाद्या ऑफिसातून बाहेर पडलेला जुना संगणक त्यांनी बीडमध्ये घेतला होता व त्यात नंतर ग्राफिक्स कार्ड बसवले होते. विंडोज १० चा आधार संपल्याची सूचना पडद्यावर येत होती. मुलगा म्हणत होता, "अब्बा, विंडोज ११ टाकून घेऊ." दुरुस्तीवाल्याने सांगितले होते, "हे मशीन चालणार नाही, नवीनच घ्या." अब्बांचा प्रश्न साधा होता : "कालपर्यंत चालत होते ते आज बिघडले कसे?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर क्रमाने पाहू.

ऑपरेटिंग सिस्टीम बदलावी का लागते?

गेम आणि यंत्र यांच्यामध्ये ऑपरेटिंग सिस्टीम दुभाष्याचे काम करते. डॉसच्या जमान्यात गेम थेट यंत्राशी बोलत असे. त्यामुळे प्रत्येक साउंड कार्डाची जुळणी वेगळी करावी लागे. १९९५ मध्ये विंडोज ९५ आली आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने डायरेक्टएक्स ही सोय दिली. गेमवाल्याने डायरेक्टएक्सशी बोलायचे आणि पुढचे काम विंडोज व कार्डाच्या ड्रायव्हरने करायचे, ही पद्धत तेव्हापासून रुळली. म्हणूनच नवा गेम निघाला की तो अमुक विंडोज हवी असे मागतो. जुना दुभाषी नवी बोली जाणत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

दुसरे कारण सुरक्षेचे. विंडोजमध्ये वेळोवेळी छिद्रे सापडतात व कंपनी ती बुजवते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० साठी हे नेहमीचे काम थांबले. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही, गेमही चालू राहिले. पण यापुढे सापडणारी छिद्रे आपोआप बुजणार नाहीत. ज्या संगणकावर फक्त गेम आहेत तिथे हा धोका मर्यादित असतो. ज्याच्यावर बँकेचा व्यवहार होतो तिथे तो मोठा असतो.

तिसरे कारण गेम विकणाऱ्या दुकानांचे. स्टीम या सर्वांत मोठ्या दुकानाने १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ ला आधार देणे थांबवले. काउंटर-स्ट्राइक २ हा २०२३ चा गेम ६४-बिट विंडोज १० च्या खाली चालत नाही. तेव्हा ज्यांच्याकडे अजून विंडोज ७ आहे त्यांना बदल करावाच लागेल. विंडोज १० वाल्यांना विचार करायला जागा आहे.

आपले मशीन विंडोज ११ ला पात्र आहे काय?

विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. तिच्या अटींपैकी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा या अटी कोणीही पुऱ्या करील. अडचण पुढच्या तीन अटींत आहे.

पहिली अट प्रोसेसरची. इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. आय-५ किंवा आय-७ एवढे पाहून भागत नाही, त्यापुढचा आकडा पाहावा. ४५७० म्हणजे चौथी पिढी, ७७०० म्हणजे सातवी, ८४०० म्हणजे आठवी. सातव्या पिढीचा आय-७ वेगाने कितीही चांगला असला तरी बहुधा यादीत नाही आणि आठव्या पिढीचा आय-३ यादीत आहे. एएमडीमध्ये रायझन २००० मालिकेपासून पुढचे प्रोसेसर चालतात. परंतु कमी खर्चाच्या गेमिंग संगणकांत खूप खपलेले २२०० जी आणि २४०० जी हे दोन, नावात २००० असूनही, आतून पहिल्या पिढीचे आहेत व यादीत नाहीत. सेकंडहँड माल घेताना इथे पुष्कळ जण फसतात.

दुसरी अट टीपीएम २.० ची. हा सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग आहे. अनेक डेस्कटॉपमध्ये तो असतो, पण बायोसमध्ये बंद ठेवलेला असतो. इंटेलच्या बोर्डावर तो पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने सापडतो. तो चालू करणे हे दोन मिनिटांचे काम आहे. त्यासाठी कोणी नवा मदरबोर्ड गळ्यात मारत असेल तर आधी बायोस उघडून दाखवायला सांगावे.

तिसरी अट सिक्युअर बूटची. त्यासाठी संगणक यूईएफआय पद्धतीने सुरू व्हावा लागतो. जुन्या पद्धतीने विंडोज टाकली असेल तर डिस्कची मांडणी एमबीआरवरून जीपीटीवर न्यावी लागते. हे काम माहिती न पुसता करता येते, तरी हिशेबाची नक्कल बाहेर काढल्याशिवाय डिस्कला हात लावू देऊ नये.

या सर्व अटी तपासण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक हे मोफत साधन आहे. ते चालवले की मशीन कोठे अडते ते समजते. पालीच्या त्या घरचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा निघाला. म्हणजे विंडोज ११ चा सरळ रस्ता त्यांना बंद होता.

विंडोज ११ मुळे गेम वेगाने चालतात काय?

दुकानात असे सांगितले जाते, पण ते पूर्ण खरे नाही. गेमचा वेग मुख्यतः ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर आणि रॅम यांवर ठरतो. डायरेक्टएक्स १२ दोन्ही विंडोजमध्ये आहे. विंडोज ११ चा खरा फायदा इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनच्या संगणकांना होतो. त्यांतील अनेकांत मोठे व छोटे असे दोन प्रकारचे कोअर असतात आणि कोणते काम कोणाला द्यायचे हे विंडोज ११ अधिक चांगले जाणते. एचडीआर मॉनिटर असेल तर ऑटो एचडीआरचाही लाभ मिळतो.

याच्या उलट बाजूही आहे. विंडोज ११ मधील मेमरी इंटिग्रिटी नावाच्या संरक्षणामुळे काही मशीनवर गेमचा वेग थोडा घटतो. ते बंद करता येते, असे खुद्द मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे. पण बँकेचे काम होणाऱ्या संगणकावर चार फ्रेम वाढवण्यासाठी कुलूप काढून ठेवू नये, असे आमचे मत आहे.

अट पुरी होत नसेल तर चार रस्ते

पहिला रस्ता, विंडोज १० वरच राहून वाढीव सुरक्षा घेणे. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ही योजना जाहीर केली. तिची किंमत ३० डॉलर किंवा तेवढ्या मोलाची स्थानिक रक्कम ठेवली. मायक्रोसॉफ्टच्या खात्याला संगणकाची सेटिंग जोडून ठेवणाऱ्यास ती मोफत देऊ केली. १००० रिवॉर्ड गुण देऊनही ती घेता येते. एका खात्यावर १० संगणकांपर्यंत नोंदणी चालते. विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती मात्र हवी. यात नव्या सोयी नाहीत, फक्त छिद्रे बुजतात. ही मुदत कायमची नव्हे, पुढच्या खरेदीसाठी पैसे जमवायला मिळालेली सवलत आहे.

दुसरा रस्ता, अटी चुकवून विंडोज ११ टाकणे. बाजारात हे सर्रास केले जाते. पण अशा मशीनला पुढील अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. शिवाय व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० व सिक्युअर बूट मागतो. म्हणजे ज्या गेमसाठी खटाटोप केला तोच उघडत नाही.

तिसरा रस्ता लिनक्सचा. हे फुकट आणि कायदेशीर आहे. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये प्रोटॉन ही सोय आणली. तिच्यामुळे विंडोजसाठी केलेले हजारो गेम लिनक्सवर चालू लागले. २०२२ मध्ये बाजारात आलेले स्टीम डेक हे हातातले यंत्र याच जोरावर चालते. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ तर थेट लिनक्ससाठी मिळतात. अडचण फसवणूक रोखणाऱ्या प्रणालींची आहे. व्हॅलोरंट, फोर्टनाइट व पबजी लिनक्सवर चालत नाहीत आणि एपेक्स लेजेंड्सने २०२४ मध्ये लिनक्सची दारे बंद केली. मुलगा एकट्याने खेळायचे गेम खेळत असेल तर हा रस्ता उत्तम. मित्रांसोबत ऑनलाइन खेळत असेल तर आधी त्या गेमचे नाव तपासावे. दुकानाचा हिशेब विंडोजच्या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर तोही विचार करावा.

चौथा रस्ता नव्या खरेदीचा. तो घ्यायचाच असेल तर सगळे बदलू नये. कॅबिनेट, मॉनिटर, एसएसडी हे तसेच राहू शकतात. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम हे तीन भाग मात्र बहुधा एकत्र बदलावे लागतात. ऑफिसातून निघालेल्या छोट्या डब्यात नेहमीच्या मापाचा बोर्ड बसत नाही, हे दुकानदाराला आधी विचारून घ्यावे.

ग्राफिक्स कार्डाचाही हिशेब धरावा. जीटीएक्स १० मालिकेच्या आणि त्यापूर्वीच्या मॅक्सवेल पिढीच्या कार्डांसाठी एनव्हिडियाने नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. सुरक्षेचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचे जाहीर केले. तेव्हा नवी विंडोज टाकली म्हणून जुने कार्ड नवे होत नाही.

स्वस्त विंडोज महाग पडते

"दोनशे रुपयांत विंडोज टाकून देतो" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. अशा कामात अनेकदा अॅक्टिव्हेटर नावाचा चोरटा प्रोग्राम वापरतात आणि तो चालावा म्हणून विंडोजचे संरक्षण बंद करतात. क्रॅक केलेले गेम आणि गेममध्ये लबाडी करण्याची साधने यांचेही असेच आहे. यांच्यासोबत ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणारे प्रोग्राम येतात. मुलाचा गेम सुरळीत चालतो आणि बापाच्या ईमेलची किल्ली परक्याच्या हाती जाते. चोरीचा माल घेणे गैर आहेच, पण ज्याला तेवढे पुरेसे वाटत नाही त्याने निदान नुकसानीचा हिशेब करावा.

जुन्या ऑफिसच्या संगणकात बऱ्याचदा मूळ परवाना असतोच. सेटिंगमध्ये अॅक्टिव्हेशनचे पान उघडून तो पाहावा. पात्र मशीनवर असली विंडोज १० असेल तर विंडोज ११ साठी एक पैसाही द्यावा लागत नाही. मजुरी द्यावी, परवान्याचे पैसे देऊ नयेत.

काम करताना घ्यायची काळजी

आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. अपग्रेड चालू असताना वीज गेली तर विंडोज अर्धवट राहते, बायोस अपडेट करताना गेली तर बोर्डच निकामी होऊ शकतो. यूपीएस नसेल तर शेजाऱ्याचा आणावा, पण त्याशिवाय काम सुरू करू नये. विंडोज ११ ची फाइल अनेक जीबींची असते. मोबाइलच्या रोजच्या डेटावर ती पुरत नाही, म्हणून ब्रॉडबँड असलेल्या ठिकाणी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी.

त्याआधी हिशेबाच्या फाइली, फोटो आणि गेमची सेव्ह बाहेरच्या डिस्कवर काढाव्यात. मराठी टंकलेखनाचे जुने फॉन्ट आणि प्रिंटरचे ड्रायव्हर विसरू नयेत. डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असल्यास त्याची किल्ली कागदावर लिहून ठेवावी. अपग्रेड पसंत पडले नाही तर १० दिवसांच्या आत जुन्या विंडोजवर परत जाता येते. ही मुदत संपण्यापूर्वी मुलाने आपले गेम आणि वडिलांनी आपले हिशेबाचे काम, दोन्ही चालवून पाहावे.

त्या घरी काय झाले?

आम्ही त्यांना नवा संगणक घेऊ दिला नाही. विंडोज १० ची वाढीव सुरक्षा मोफत नोंदवली. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी साधी एसएसडी बसवली. तिच्यामुळे फ्रेम वाढल्या नाहीत, पण संगणक सुरू होण्याचा आणि गेम उघडण्याचा वेळ खूप कमी झाला. क्रॅक केलेले दोन गेम काढून टाकले, त्यावर मुलगा थोडा रुसला. हिशेबासाठी वेगळे खाते उघडले आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलले. नव्या मशीनसाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकायचे बाप-लेकांत ठरले. सुट्टीत मुलाने दुकानात हात लावायचा, ही अब्बांची अट होती. ती मुलाने मान्य केली.

तात्पर्य, आधी मशीन तपासा, मग मुलगा कोणते गेम खेळतो ते विचारा आणि त्या संगणकावर घराचे कोणते व्यवहार होतात ते पाहा. मशीन पात्र असेल तर विंडोज ११ मोफत घ्या. नसेल तर मुदतीचा उपयोग करून पैसे जमवा किंवा लिनक्स आजमावून पाहा. दुकानदाराने घाई केली म्हणून खिशात हात घालू नका.