खेळयंत्रांतील ताल

मुलांच्या हातांतील खेळयंत्रांविषयीं ठाणें-डोंबिवलीकडील वडील मंडळींची तक्रार नित्याचीच आहे. आमचीही होती. परंतु परवां नातवाशेजारी बसून ‘पाटापॉन’ हा युद्धखेळ पाहिला, आणि आमचें मत कांहींसें पालटलें.

२००७ सालीं जपानांत सोनीच्या ‘प्लेस्टेशन पोर्टेबल’ या हातयंत्रासाठीं तो प्रथम निघाला. त्यांतील चिमुकलें, एकाक्ष सैन्य केवळ ढोलाची आज्ञा मानतें. ‘पाटा-पाटा-पाटा-पॉन’ वाजविलें कीं पुढें सरतें. ‘पॉन-पॉन-पाटा-पॉन’ वाजविलें कीं तुटून पडतें. चार ठोके द्यावे, पुढील चार मात्रा सैन्याचें गाणें ऐकावें, मग पुन्हां ठोके द्यावे. घाई केली कीं ताल तुटतो.

नातू हरत होता तो या थांबण्यांतच. “बाळ, सम येऊं दे,” असें आम्हीं सांगितलें. तो थांबला आणि जिंकला!

मात्र यंत्रांत चुकलें तर एकट्याचेंच चुकतें. डोंबिवलींत १९९९ सालीं सुरू झालेल्या गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेंत एकाचें लेझीम चुकलें तर सारी रांग अडखळते. तालाची गोडी त्यास लागली आहे. आतां दहाजणांची संगत लाभावी, म्हणून येत्या पाडव्यास त्याच्या हातीं लेझीम देण्याचें आम्हीं ठरविलें आहे.